निकोडेमस: जमिनीतून धूर निघणारं गाव

डेन्व्हर ते कॅन्सस सिटी या रस्त्यावर पश्चिम कॅन्सस लोक झोपेत काढतात. आम्हीही दोनदा तेच केलं. यंदा मे महिन्यात मात्र एलिस गावापाशी हायवे सोडून उत्तरेला, निकोडेमस गावाकडे वळलो.

तुम्हीही मुद्दाम एलिसवरूनच जा. सप्टेंबर १८७७मध्ये केंटकीहून निघालेली सुमारे तीनशे कृष्णवर्णीय माणसं रेल्वेने इथवर आली आणि पुढचं पन्नासेक किलोमीटर त्यांनी पायी किंवा बैलगाडी-घोडागाडीने तोडलं. गुलामगिरी संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. आम्हाला पाऊण तास लागला, तोही एसीत. मध्ये उतरून पाच मिनिटं चालून बघा. वारा इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

कॅन्ससला चला, नाव नोंदवायचे ५ डॉलर, अशी पत्रकं केंटकीत वाटली गेली होती. गाव वसवणाऱ्यांत डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल होता आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय पाद्री. पत्रकातलं गाव प्रत्यक्षात नव्हतंच. १८७८च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांना नवऱ्याने बोट दाखवलं, तर समोर जमिनीतून धूर निघताना दिसला. माणसं बिळासारखी घरं खणून राहत होती. हिकमनबाईंना रडू कोसळलं. लाकूड नाही, म्हणून जळणाला सूर्यफुलाची धाटं आणि बायसनचं वाळलेलं शेण. (गोवऱ्याच म्हणा ना!) पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी अन्न दिलं, असं गावात सांगतात. काही कुटुंबं आल्या पावली परत गेली. बाकीची टिकली, त्यांनी शाळा, चर्च, हॉटेल उभं केलं. इथे येऊन राहिलेले एडवर्ड मॅकेब १८८२मध्ये राज्याचे ऑडिटर (सरकारी हिशेब तपासणारे अधिकारी) म्हणून निवडूनही आले.

गाव दुष्काळाने खचलं, पण कंबरडं मोडलं ते रेल्वेने. १८८८मध्ये रूळ नदीपलीकडून गेले आणि दुकानं उचलून तिकडे गेली.

आता उरल्यात पाच जुन्या इमारती. १९३९च्या चुनखडीच्या टाउनशिप हॉलमध्ये माहिती केंद्र आहे, प्रवेश फुकट. ते रोज उघडं नसतं, तेव्हा निघण्याआधी वेळ तपासा. सुरुवात तिथूनच करा. नाहीतर दहा मिनिटांत 'एवढंच?' म्हणून परत फिराल. माझ्या नवऱ्याने दारातच तसं म्हटलं होतं, मग दीड तास हलायला तयार नव्हता. बाकीच्या इमारती बाहेरूनच बघायच्या असं धरून चला. लोक आजही इथे राहतात, त्यामुळे कुणाच्याही अंगणात शिरून फोटो काढू नका.

गावात खायला काही मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही मेथीचे ठेपले नेले होते म्हणून निभावलं. पाणी भरपूर घ्या, पेट्रोल एलिसलाच भरा, फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा. मुक्कामाला पश्चिमेला हिल सिटी आहे.

आमचं चुकलं ते महिन्यात. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इथे घरवापसीचा उत्सव भरतो. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात तसे या कुटुंबांचे वंशज अमेरिकाभरातून येतात. आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावर एक कुत्रा होता आणि वारा.