एकच कॅमेरा पुरत नाही का?

विजेच्या सबस्टेशनमध्ये तापलेले सांधे शोधायला मी थर्मल कॅमेरे, म्हणजे उष्णतेचं चित्र दाखवणारे कॅमेरे, घेऊन जातो. गेटवर सामानाची नोंद करणारा रक्षक असो की आतले मोठे साहेब, प्रश्न ठरलेला. "दोन-दोन थर्मल कॅमेरे कशाला? एकात दिसत नाही का?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

मुळात कॅमेऱ्याला तापमान दिसतच नाही. त्याला दिसतात इन्फ्रारेड किरण. तापमान हा त्यावरून बांधलेला अंदाज. हवेतून हे किरण बऱ्यापैकी पार होतात ते दोन पट्ट्यांत: 3 ते 5 आणि 8 ते 14 मायक्रॉन तरंगलांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मधले बरेचसे हवेतली वाफ गिळते. माझा लहान कॅमेरा 8 ते 14चा. मोठा 3 ते 5चा. त्याचा डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, उणे 196 अंशांच्या आसपास थंड व्हावा लागतो, म्हणून चालू केला की आधी काही मिनिटं नुसता गुणगुणत बसतो.

पूर्वी माझ्याकडे हा मोठाच होता. मे महिना, भर दुपार. आयसोलेटरचा, म्हणजे लाइन तोडायच्या मोठ्या स्विचचा, एक क्लॅम्प (तार पकडणारा सांधा) पडद्यावर लालभडक, म्हणजे तापलेला. मी छातीठोकपणे शटडाऊन (लाइन बंद) घ्यायला लावला. क्लॅम्प उघडला तर आत सगळं ठणठणीत, जळल्याचा डाग नाही की सैल बोल्ट नाही. धातूवरून परतलेलं ऊन होतं ते! 4 मायक्रॉनच्या आसपास साध्या कोमट वस्तूचे स्वतःचे किरण इतके तुटपुंजे असतात की परतलेलं ऊन त्यांना सहज झाकून टाकतं. 10 मायक्रॉनला वस्तूचा स्वतःचा आवाज मोठा, उन्हाचा बारीक.

मग लहान कॅमेरा घेतला. तोही काही हरिश्चंद्र नाही. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फार कमी किरण सोडतं आणि निरभ्र आकाशाचा गारवा आरशासारखा दाखवतं. खरोखर तापलेला क्लॅम्प त्यात खुशाल निळा, म्हणजे थंड, दिसतो.

म्हणून दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवतो. सांगायला सोपं, पण दोन भिंगांत चार बोटांचं अंतर, त्यामुळे जवळची तार दोनदा उमटते आणि ती जुळवताना डोळे शिणतात. जुळलं की दोघांचं जिथे पटत नाही तिथे खूण करायची आणि सूर्य मावळल्यावर, लाइनवर लोड असताना, म्हणजे तिच्यातून वीज वाहत असताना, पुन्हा जायचं.

हवामानवालेही हेच करतात. 2013 साली सोडलेल्या इन्सॅट-3डी उपग्रहावर 3.9 आणि 10.8 मायक्रॉनच्या आसपासचे पट्टे आहेत. हिवाळ्यात पंजाब-बिहारकडच्या धुक्याचा माथा आणि जमीन रात्री जवळपास सारख्याच तापमानाची, त्यामुळे 10.8मध्ये धुकं ओळखूच येत नाही. पण धुक्याचे बारीक थेंब 3.9ला किरण कमी सोडतात, म्हणून तिथे ते थोडं अधिक थंड भासतं. एकातून दुसरं वजा केलं की धुक्याची चादर उठून दिसते. रात्रीपुरतीच हं. दिवस उजाडला की 3.9मध्ये तिथेही ऊन आडवं येतं.