काळी पाच आणि पांढरी सातच्या मधला कॉम्प्युटर

आमच्याकडे श्रावणाच्या आधी महिनाभर भजनाची तालीम चालते. फोंड्याजवळच्या आमच्या गावात पेटीवाले दोन, पखवाजवाला एक आणि रेकॉर्डिंग करणारा मी. तालमीचं रेकॉर्डिंग रात्री घरी साफ करून सगळ्यांना पाठवायचं, हे काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे. यंदा एक अभंग साफ करताना पेटीवाले भाऊ म्हणाले, ''अरे, मागे कोण सूर धरून बसलंय? आणि तोही बेसूर?''

तो माझा कॉम्प्युटर होता. गाणाऱ्याचा एक अभंग मी घरीच, टेबलाशेजारी बसवून पुन्हा घेतला होता. माइकनं आवाजाबरोबर घरघरही टिपली.

मशीन 2013 साली असेंबल केलेलं. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. चालू व्हायला तीन मिनिटं घ्यायचं, तेवढ्यात चहा होतो. दुरुस्तीवाल्याला दाखवलं तर त्यानं झाकणही न उघडता सांगितलं, ''फेकून द्या, नवीन घ्या.'' विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 या प्रोसेसरला घेत नाही, म्हणजे तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. पण माझं काम आवाज कापणं-जोडणं आणि मराठी टाइप करणं. त्यासाठी नवीन मशीन घ्यायचं मला पटेना.

आधी आवाज कुठून येतो ते शोधलं. वर्तमानपत्राची सुरळी केली, एक टोक कानाला आणि दुसरं प्रत्येक भागाजवळ. प्रोसेसरच्या पंख्याच्या मधल्या बिल्ल्यावर बोट टेकवून दोन सेकंद तो थांबवला तर सूं-सूं गेली, पण खालचा घुमारा तसाच. मागचा पंखा थांबवला, तरीही घुमारा आहेच. मग हार्ड डिस्क हातात धरली आणि घुमारा तळहातात आला. हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे मारते, म्हणजे सेकंदाला 120. पेटीवर धरून पाहिलं तर हा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधे पडतो. भाऊंचा कान खरा! डिस्क पत्र्याला स्क्रूनं आवळलेली, पत्रा टेबलाला टेकलेला आणि टेबल जुन्या फणसाच्या लाकडाचं. म्हणजे डिस्क स्वर लावत होती आणि टेबल साथ करत होतं.

उघडल्यावर आतलं दृश्य सांगायला नको, पण सांगतोच. पावसाळ्याच्या दमट हवेत धूळ कोरडी राहत नाही, तिचा नमदा होतो. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कुलरच्या पात्यांमधून तो मी चिमट्यानं पट्ट्या-पट्ट्यांनी सोलून काढला. तळाशी पालीची दोन अंडी, रिकामी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं. हे मला एक पंखा घालवून कळलं.

प्रोसेसरची उष्णता कुलरकडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. शेजारचे काका म्हणाले, ''फेणीनं पूस, अल्कोहोलच की ते.'' फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, म्हणून ती काकांनाच ठेवली. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, बस. मधे ठेवायची, दाबानं ती आपोआप पसरते.

जुन्या कुलरचा एक प्लॅस्टिकचा पाय काढतानाच तुटला. नवा कुलर मी हौसेनं मोठा आणला, 12 सेंटीमीटरच्या पंख्याचा, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. बसवला, झाकण लावायला गेलो तर अर्ध्या सेंटीमीटरनं अडलं. मी पंख्याचं माप बघितलं होतं, कुलरची उंची बघितलीच नव्हती. पावसात पुन्हा बसनं पणजीला, दुकानदाराचं हसू बघायला. बदलून 13 सेंटीमीटर उंचीचा घेतला. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, पंखा 'सायलेंट'वर ठेवला. आधी एडिटिंग करताना 80 अंश दिसायचे, आता 58.

रॅम 8 जीबी केली आणि सिस्टीमसाठी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, टाकली. माझ्या जुन्या बोर्डाचे डिस्क जोडायचे साटा पोर्ट 3 गिगाबिटचे, म्हणजे एसएसडीचा निम्मा वेग वाया. तरीही चालू व्हायला आता पंचवीसेक सेकंद. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घातलं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडला की देवनागरी सुरू. आवाज कापण्या-जोडण्यासाठी ऑडॅसिटी, ती आधीचीच सवय. सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आत.

राहिली हार्ड डिस्क. बारा वर्षांची रेकॉर्डिंग तिच्यावर, ती काढून टाकवेना. डीव्हीडी ड्राइव्ह कधीचा मेला होता, तो काढला. आईच्या शिवणाच्या डब्यातून परकराचं इलॅस्टिक घेतलं, डीव्हीडीच्या खणात आडवं-उभं ओवलं आणि डिस्क झोपाळ्यावर बसवल्यासारखी त्यात अडकवली, पत्र्याला कुठेही न टेकता. चालू केलं. टेबलावर हात ठेवला तर काहीच नाही! कॉम्प्युटर हलवायचा असेल तेव्हा मात्र डिस्क आधी काढावी लागते. आणि झोपाळ्यावरच्या डिस्कवर एकट्या रेकॉर्डिंगची जबाबदारी नको, म्हणून सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवरही ठेवली.

एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा थोडा कुरकुरतो अजून. तो मी उघडणार नाही, वायर काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो. चतुर्थीनंतर पूर्ण डबाच बदलेन.

परवा रात्री भाऊंचा गजर साफ करत होतो, मधे पाणी प्यायला उठलो. परत येतो तर स्क्रीन काळी. आई दारात.

''बंदच होता ना? आवाज नव्हता. बटण तेवढं चालू राहिलेलं, मी बंद केलं.''

गजराचा बराचसा भाग ऑडॅसिटीनं परत मिळवून दिला. बटणाशेजारी आता मी चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय, 'चालू आहे'.