मेक्सिकन लसूण-कोळंबी: लसणाचं तेल जमायला लागलंय

या खेपेला सगळं लक्ष लसणाकडे दिलं आणि 'कामारोनेस आल मोहो दे आहो'ची, म्हणजे लसूण-तेलातल्या या मेक्सिकन कोळंबीची चव आता हाताला लागतेय.

आपला हात फोडणीला सरावलेला. तेल कडकडीत तापवायचं, लसूण टाकला की क्षणात तांबूस. इथे नेमकं उलट आहे. वाटीभर शेंगतेलाला दोन मोठे गड्डे घेतले. पाकळ्या ठेचल्या नाहीत, सुरीने बारीक चिरल्या. ठेचलेला लसूण तळाला लागतो आणि कडवट होतो. गार तेलातच लसूण घालून गॅस अगदी बारीक ठेवला. अर्धा तास तरी लागतोच. आधी कच्चा, उग्र दर्प येतो. मग तुकड्यांभोवती बारीक बुडबुडे धरतात आणि वास हळूहळू गोडसर होत जातो. फिकट बदामी रंग आला की गॅस बंद. गरम तेलात लसूण पुढेही शिजत राहतो, म्हणून रंग थोडा कमी असतानाच थांबायचं. तेल जरा निवल्यावर लिंबू पिळलं.

मिरची घातली तर मेक्सिकोत त्याच कोळंबीला 'आल आहियो' म्हणतात. तिथे ग्वाहियो मिरची असते, मी ब्याडगी घेते. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. बिया झटकून कात्रीने चकत्या केल्या आणि तेल निवायच्या आत टाकल्या.

नाशकात कोळंबी येते ती बर्फातून, त्यामुळे पाणी फार सोडते. सोलून, काळा दोरा काढून, स्वच्छ फडक्यावर पसरून अगदी कोरडी केली. फक्त मीठ लावलं. हळद अजिबात नको, ती लसणाला दाबते. लोखंडी तवा चांगला तापवून कोळंबी एकाच थरात टाकली, गर्दी केली की ती भाजायच्या ऐवजी उकडते. दोन-तीन मिनिटांत गुलाबी होऊन अर्धगोल वळली की उतरवायची. पूर्ण वेटोळं झालं म्हणजे वातड झाली. लसूण-तेल तवा खाली उतरवल्यावरच ओतलं. सोबत साधा पांढरा भात, तोही मोकळा. इंद्रायणी इथे चिकट पडतो.

उरलेलं लसूण-तेल बाहेर ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, तेलातल्या लसणात विषारी जिवाणू वाढू शकतात.

पुढच्या खेपेला अर्धं तेल, अर्धं लोणी घेऊन बघणार आहे. थंडीतल्या ओल्या लसणाची पात घालून कुणी केलंय का? केलं असेल तर पात कधी घातली, तेवढं सांगा.