सातबारा, शंभर रुपयांचा युरो आणि कीलची प्रयोगशाळा

देवगड तालुक्यातल्या कुणाच्या घरी मूल पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल आणि परदेशी शिकायला जाण्याचा विषय निघाला, की मी पहिलं एकच सांगते. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासची चौकशी नंतर करा. आधी घराचा उतारा काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. माझं सगळं तिथेच अडलं होतं.

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून मी चार वर्षांचं बी.एफ.एस्सी. केलं. आता जर्मनीच्या उत्तर टोकाला, कील विद्यापीठात जैविक समुद्रशास्त्राचं मास्टर्स करतेय. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. जर्मनी निवडण्याचं कारण सरळ होतं. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, दर सत्राला काही शे युरो भरले की झालं, त्यातच रेल्वे-बसचा पासही येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. नॉर्वेही माझ्या यादीत होतं, पण तिथे २०२३ पासून आपल्यासारख्यांना फी सुरू झाली, म्हणून ते नाव खोडलं.

'फी नाही म्हणजे फुकट' असं आमच्या वाडीत पसरलं होतं. तसं नाही. व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच बंद खात्यात भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. खातं तुमचंच, पण महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात. २०२५ च्या सुरुवातीला युरो नव्वदच्या आसपास होता आणि मी त्या हिशोबाने कर्ज मागितलं. पैसे भरायची वेळ आली तेव्हा तो शंभराच्या घरात गेला होता. काही न करता खर्च लाखभराने वाढला. शिवाय एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये. तुमची पदवी आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत याची ती तपासणी, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीची. बरीच विद्यापीठं अर्ज यूनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. त्याशिवाय आरोग्य विमा, विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे.

शिष्यवृत्तीचे दरवाजे ठोठावले. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्यात कील बसत नव्हतं. डाड (DAAD) या शिष्यवृत्ती देणाऱ्या जर्मन संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांना साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो माझ्याकडे नव्हता. राहिलं कर्ज.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यापुढे मागतात. आमची हापूसची कलमं आहेत, पण शेतजमीन तारण म्हणून कुणी घेईना. आणि घेतली असती तरी उपयोग नव्हता, कारण सातबाऱ्यावर अजून पणजोबांच्या पिढीची नावं, त्यांच्या खाली वारसांची रांग. अर्धे मुंबईत, एक आत्या बडोद्याला, एका चुलतआजोबांची वारस नोंदच झालेली नाही. कोकणात हे घरोघरी आहे. जमीन सगळ्यांची, त्यामुळे कागदावर ती एकट्या कुणाच्याच कामाची नसते.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रस्त्याकडेला वेगळं घर बांधलं होतं. जागा बिनशेती केलेली होती, पण नावं तीच, सामायिक. बँकेच्या वकिलांनी शोध अहवालात स्पष्ट लिहिलं, की सर्व सहहिस्सेदारांनी त्या जागेपुरतं हक्कसोडपत्र केल्याशिवाय तारण होणार नाही. सगळ्यांना एका जागी आणायचं कसं? आईने उत्तर काढलं: चतुर्थी. गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतातच. २०२४ च्या चतुर्थीला आरती झाल्यावर आबांनी माजघरात विषय काढला. मोठे काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सही करूक आमची ना नाय. पण उद्या मूळ घराक कोणी हात लावूचो नाय."

"मूळ घर आसा तसाच ऱ्हवतला," आबा म्हणाले.

काकांची भीती मला रास्त वाटते. आज पुतणीच्या शिक्षणासाठी एक जागा, उद्या आणखी कुणासाठी बाग, असं होत होत मुंबईत राहणाऱ्यांचं गावाशी नातं कागदावरून पुसलं जाऊ शकतं. म्हणून हक्कसोडपत्रात फक्त त्या एका जागेचा गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहिल्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी सगळे दुय्यम निबंधक कार्यालयात गेले. आजीच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. आयुष्यभर भात लावून, काजू फोडून बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या बाईंनी ओला रुमाल दिला, आजीने एकेक बोट पुसून पुन्हा पुन्हा ठेवलं आणि अखेर अंगठा लागला. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. बडोद्याच्या आत्याचं कुलमुखत्यारपत्र येईपर्यंत दिवाळी झाली. कर्ज मंजूर झालं तोवर आंबे उतरायला लागले होते. एपीएस, व्हिसा, इंग्रजीची परीक्षा ही सगळी कामं या एका कामाच्या मानाने सोपी होती. त्यांच्या याद्या संकेतस्थळावर मिळतात आणि त्या याद्यांप्रमाणे कागद लावले की काम होतं.

एवढं करून इथे काय मिळालं?

एक दिवस सांगते. एकर्नफ्योर्डेच्या खाडीच्या तोंडाशी 'बोक्निस एक' (Boknis Eck) नावाची जागा आहे. तिथे १९५७ पासून दर महिन्याला पाणी मोजतात: तापमान, क्षारता, ऑक्सिजन आणि पोषकद्रव्यं. आम्हाला शरद ऋतूत बोटीवर नेलं. खोली जेमतेम २८ मीटर. तळाच्या पाण्याची बाटली वर आली, तोटी उघडली आणि कुजक्या अंड्यांचा वास आला. उन्हाळा संपताना तळाचा ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, हे मी शिरगावला पुस्तकात वाचलेलं. इथे माझ्या हातात बाटली होती आणि संगणकावर सत्तर वर्षांच्या जवळपासचे आकडे. प्राध्यापक म्हणाले, हे आकडे घे आणि तुला काय दिसतं ते पुढच्या आठवड्यात सांग. काय दिसायला हवं, ते कुणी सांगितलं नाही. परदेशी शिक्षणाचा मला झालेला सर्वात मोठा फायदा हा आहे. प्रश्न स्वतः शोधावा लागतो.

पण त्याच आठवड्यात वाचताना पुन्हा कळलं, की पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर वर्षानुवर्षं ते मोजते आहे. देवगडहून गोवा किती लांब? वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथलं मास्टर्स माझ्या इथल्या एका सत्राच्या खर्चाच्या आसपास झालं असतं. घराच्या भिंतीवर बोजा चढला नसता. हा तोटा मी मनापासून मोजते. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, पाणी अरबी समुद्राच्या मानाने गोडसर, कॉड मासा इतका घटला की त्याची मासेमारी जवळपास बंद केलेली. इथलं ज्ञान बांगड्या-तारलीच्या समुद्राला जसंच्या तसं लागू पडत नाही, पद्धत तेवढी घेऊन जायची.

रोजच्या जगण्याचं थोडक्यात. डिसेंबरमध्ये दुपारी चारला अंधार पडतो आणि त्याने मनावर खरंच मळभ येतं. विद्यापीठाने सल्लागार दिलेत, मी गेले, तुम्हीही जा, त्यात कमीपणा नाही. वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र येताच त्याच दिवशी अर्ज करावा. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, मोजते, त्यात खोलीभाडं निघतं. दुकानातलं किंवा हॉटेलातलं काम मात्र जर्मन बोलता आलं तरच मिळतं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरी जर्मनमध्ये आहे, हे एजंट सांगत नाहीत. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, म्हणून बी१ म्हणजे मध्यम पातळीपर्यंतची जर्मन भारतातच करून या.

बारावीनंतर लगेच बाहेर पाठवावं का, असं गावाकडून खूप जण विचारतात. माझं मत नाही असं आहे. तीन-चार वर्षांचा खर्च, कोवळं वय आणि आपल्याला नक्की काय शिकायचंय हे ठरलेलं नाही, अशा स्थितीत घर तारण ठेवू नये. पदवी भारतात करावी, मास्टर्सला बाहेर जावं, आणि तेही आपल्या विषयाचं काम जिथे खरोखर चालतं तिथेच.

माझं कर्ज सोळा लाखांचं. व्याज दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मुद्दल सोडून महिन्याला साधारण तेरा हजार. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतील, पण व्याज आत्तापासून चढतं, म्हणून आबा दर महिन्याला जमेल तेवढं भरतात. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत या व्याजाची सूट आठ वर्षांपर्यंत मिळते, हे त्यांना माहीत नव्हतं. तुमच्याकडेही कर भरणारा कर्जदार असेल तर त्याला सांगा. माझा प्रबंध पश्चिम किनाऱ्यावरच्या कमी ऑक्सिजनच्या पाण्यावर करता येईल का, हे मी प्राध्यापकांना विचारलंय. गोव्याच्या संस्थेशी बोलू असं ते म्हणालेत. होकार आला तर येत्या पावसाळ्यानंतरचे काही महिने मी तिकडेच काम करीन.