हॉटेलचं नाव नको, किनारा विचारा

मॉरिशसहून आल्यापासून जो भेटेल तो मला एकच विचारतो, "हॉटेल कुठलं घेऊ? आणि आपल्याला चालेल असं जेवण मिळतं का हो तिथे?" परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, तळमजला आला आणि उत्तर अर्धंच राहिलं. तेव्हा तुम्ही विचारलंतच आहे, तर एकदाच सगळं सांगून टाकते.

हॉटेलचं नाव मी सांगणार नाही, किनारा सांगते. बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद, पण पूर्वेची हवा वेगळी आणि पश्चिमेची वेगळी. आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात ते थेट पूर्व किनाऱ्यावर आदळतात. हे ज्ञान मला पैसे भरून मिळालंय. पहिल्या खेपेला आम्ही जुलैत गेलो. एजंटने पूर्वेकडचं, बेल मारच्या बाजूचं पंचतारांकित हॉटेल "ऑफरमध्ये आहे" म्हणून गळ्यात मारलं. ऑफर का होती ते तिथे पोचल्यावर कळलं. चार दिवस मी डोक्याला ओढणी गुंडाळून बसले होते आणि चहात वाळू पडत होती. समुद्र इतका निळा, पण काठावर बसवेना.

पाचव्या दिवशी टॅक्सी करून पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला गेलो, तर तिथे सुरूच्या झाडांखाली माणसं निवांत लोळत होती. मधलं पठार आणि डोंगर वारा-पाऊस अडवतात. आपला सह्याद्री करतो तेच, फक्त दिशा उलटी. त्यामुळे आपल्या पावसाळ्यात जाणार असाल तर पश्चिम किनारा, नाहीतर वायव्येचं त्रू-ओ-बिश. डिसेंबर-जानेवारीत मात्र तिकडे उकडतं, तेव्हा पूर्वेचा तोच वारा बरा वाटतो (वादळांचा मोसमही तोच, हे लक्षात असू द्या). दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर कुठेही राहा. आणि "खासगी बीच" म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू तिथे सगळ्यांची असते.

आता जेवण. पहिल्या खेपेला तिन्ही त्रिकाळ जेवण पॅकेजमध्येच होतं. पैसे भरलेत म्हणून रोज बुफेला जायचं, आणि "भारतीय कोपऱ्यात" जे पनीर माखनवाला आम्ही घरीसुद्धा खात नाही ते वाढून घ्यायचं. दुसऱ्या वेळी फक्त नाश्ता घेतला आणि दुपारी पोट मोकळं ठेवलं. सासूबाई बरोबर होत्या, पक्क्या शाकाहारी. त्यांचीच मला धास्ती होती.

राजधानी पोर्ट लुईच्या बाजारात त्यांच्या हातात पहिली धोलपुरी पडली. पातळ, मऊसूत, आत वाटलेली डाळ, वर पावट्यासारख्या दाण्यांची रस्सा-भाजी, टोमॅटोची रुगाय म्हणजे दाटसर रस्सा आणि हिरवी मिरची. एक मागितली तरी जोडीच मिळते, कागदात गुंडाळून. सासूबाईंनी घास चावला, थांबल्या आणि म्हणाल्या, "पुरणपोळीच आहे की गं, गूळ घालायचा विसरलेत." बिहारकडच्या गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची ही दालपुरी. लग्नाकार्यात ती खिरीबरोबर वाढतात हे कळल्यावर तर त्यांचं समाधानच झालं.

मग त्यांना थांबवणं कठीण गेलं. गातो पिमा म्हणजे आपला डाळवडा, सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात. आलुदा म्हणजे सब्जा घातलेलं थंडगार दूध, फालुद्याचं भावंड. बाजारात "ब्रेद मुरूम" म्हणून जुड्या विकायला होत्या, तो निघाला शेवग्याचा पाला. मासे खाणाऱ्यांनी विंदाय चुकवू नये. मोहरी, हळद आणि व्हिनेगरमधला मासा किंवा ऑक्टोपस. गोव्याच्या विंदालूचं नि याचं मूळ एकच पोर्तुगीज नाव. चव मात्र अगदी वेगळी, लोणच्याच्या जवळ जाणारी. मला विंदालूपेक्षा हेच आवडलं. गोव्याच्या मैत्रिणी रागावतील, रागावू देत.

आमच्या टॅक्सीवाल्याचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून ऊसमळ्यात आलेले. टॅक्सीवाले स्वतः घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली तिथली बोली बोलतात, मराठी शाळेत शिकले, पण "सुखकर्ता दुखहर्ता" न अडखळता म्हणून दाखवली. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. चांगली धोलपुरी कुठे मिळते हे रिसेप्शनवर विचारू नका, टॅक्सीवाल्याला विचारा. आम्हाला त्यांनीच एका बसथांब्याशेजारच्या काचेच्या पेटीपाशी नेलं. रांग बघूनच कळलं.

तिखटाचं तेवढं सांभाळा. "पिमा" म्हणजे मिरची, ती किती घालू असं विचारतात, तेव्हा कोल्हापूरचा अभिमान मध्ये आणू नका. आमच्या ह्यांनी आणला होता.

आणि पाण्यात अनवाणी उतरू नका. तिथे स्टोनफिश असतो, हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि त्याचा काटा विषारी. पाण्यात घालायचे रबरी बूट लागतात. आमचे दोन जोड माळ्यावर पडलेत, एक सहा नंबरचा आणि एक नऊचा. काकू, हवे असतील तर संध्याकाळी येऊन घेऊन जा.