परातीतलं क्षितिज

चोरबाजारात पितळी सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजून समुद्रात आपली जागा काढायचं उपकरण, सहज मिळतो. वर लंडनच्या कुठल्याशा कंपनीचं नाव कोरलेलं, पॉलिश मात्र गेल्या आठवड्यातलं. आमच्या मजल्यावरचे कप्तान काका असा सेक्स्टंट उचलतात, आरसा हलवून बघतात आणि ‘पेपरवेट आहे’ म्हणून ठेवून देतात.

त्यांच्याकडे खरा आहे, लाकडी पेटीतला. त्याची कमान वर्तुळाचा सहावा भाग, म्हणजे 60 अंशांची. पण दोन आरशांमुळे मोजतो 120 अंशांपर्यंत. दुर्बिणीतून समोरचं क्षितिज धरायचं, दांडा सरकवत सूर्याचं प्रतिबिंब खाली आणायचं आणि त्याची खालची कड पाण्याच्या रेघेवर टेकवायची. जहाज कितीही डोलो, सूर्य आणि रेघ जोडीनंच डोलतात. ही दोन आरशांची युक्ती जॉन हॅडलीनं 1731 मध्ये मांडली, आणि मला तरी ती अजून जादूच वाटते. कोनात एका मिनिटाची चूक झाली तर जागा एका सागरी मैलानं, 1852 मीटरनं सरकते. साधारण चर्चगेटऐवजी चर्नी रोडला उतरल्यासारखं.

ताऱ्यांचं जरा अवघड. अंधार पडला की क्षितिज जातं, उजेडात तारे नसतात. संधिप्रकाशातली थोडी मिनिटं काय ती आपली. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. मुंबईत तो 19 अंशांच्या आसपास, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून किंचित कमी. पण आपला समुद्र पश्चिमेला. उत्तरेला क्षितिज कुठलं? टॉवर!

म्हणून काका गच्चीवर परातीत तेल ओततात. तेलाचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो, त्यात सूर्य दिसतो, आणि वरच्या सूर्याला त्या सूर्यावर आणून ठेवलं की दुप्पट कोन मिळतो. त्याचा निम्मा घ्यायचा. उन्हाळ्यात हे जमत नाही, सूर्य इतका माथ्यावर येतो की दुप्पट कोन 120 च्या पुढे जातो. त्यामुळे काकांचा मोसम डिसेंबर. खोबरेल चालत नाही, थंडीत थिजतं.

नाताळच्या दिवशी आपल्याकडचा खरा मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत वर असण्याची वेळ, 12 वाजून 39 मिनिटांच्या सुमाराला होतो. मुंबईची जुनी स्थानिक वेळ, बॉम्बे टाइम, आजच्या भारतीय घड्याळाच्या 39 मिनिटं मागे असायची, ती याच हिशेबानं. काका तोवर जेवत नाहीत. काकू जिन्यातूनच विचारतात, “मुंबई सापडली असेल तर तेल खाली पाठवता का? भजी खोळंबलीत.”