आमची वाटचाल : रोल जसा, पत्रा तसा

आमच्या शेडमध्ये पहिल्यांदा आलेला माणूस पत्रा शोधतो. पत्रा आमच्याकडे नसतो. असतात ते कोल्ड रोलिंग मिलमधून (जिथे पत्रा गरम न करता दाबून पातळ करतात) उतरून आलेले रोल, म्हणजे पत्रा दाबणारे पोलादी लाट, झिजलेले, कधी डाग पडलेले, कधी ओरखडा गेलेले. ते घासायचे, ग्रिट (धारदार कडक दाणे) जोरात मारून हव्या त्या रफनेसवर, म्हणजे खरखरीतपणावर, आणायचे आणि परत पाठवायचे, हा आमचा धंदा. 2003 साली बोईसरला, तारापूर एमआयडीसीत, भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या रोल ग्राइंडरवर सुरुवात केली. मामांनी पैसे दिले आणि मिलच्या रोल शॉपमधून रिटायर झालेले एक मिस्त्री सोबत आले.

मी त्याआधी क्वालिटीत नोकरीला होतो आणि पत्रा जितका गुळगुळीत तितका चांगला, असं धरून चाललो होतो. मिस्त्रींनी ते पहिल्याच महिन्यात खोडून काढलं. अ‍ॅनिलिंगच्या, म्हणजे पत्रा तापवून मऊ करायच्या, भट्टीत घट्ट गुंडाळलेली कॉइल फार गुळगुळीत असली तर वेढे एकमेकांना चिकटतात आणि उलगडताना पत्रा खराब होतो. असा पत्रा डीप ड्रॉइंगला (डायमध्ये दाबून खोल आकार द्यायला) गेला तर तेल धरून ठेवायला खळगेच नसतात, डाय ओरबाडते. फार खरखरीत झाला तर रंगाखालून खरखर दिसते. युरोपियन मानक ईएन 10130 नेहमीच्या मॅट पत्र्याला आरए (सरासरी खरखरीतपणा) 0.6 ते 1.9 मायक्रॉन देतं, ब्राइटला 0.4 पर्यंतच. हे शेवटी ठरतं ते स्किन पासला, म्हणजे अ‍ॅनिलिंगनंतरच्या शेवटच्या हलक्या रोलिंगला. तिथे पत्रा जेमतेम एक टक्का लांबतो, पण रोलचा ठसा घेतो. ठसा पूर्ण उतरत नाही, म्हणून रोल पत्र्याहून जास्त खरखरीत ठेवावा लागतो. शिवाय टनेज वाढेल तसा तो बोथट होत जातो.

चौथ्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. एका गिऱ्हाइकाचा पत्रा कपाटांना गेला आणि रंग चढल्यावर दारांवर आडवे पट्टे दिसू लागले. आमच्या रिपोर्टवर आरए अगदी बरोबर होता. मिस्त्री आणि मी तिथे गेलो. त्यांनी रंग न दिलेल्या तुकड्यावर तेलाचा दगड हलक्या हाताने फिरवला. उंचवटे चमकले आणि पट्टे उघडे पडले. पट्टी लावली, तर दोन पट्ट्यांत 21 मिलिमीटर. ग्राइंडिंगच्या शेवटच्या पासला आमच्या रोलचा पृष्ठभाग मिनिटाला 30 मीटर फिरतो, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. त्याला 21 मिलिमीटरने भागलं की सेकंदाला 24 ठोके, मिनिटाला साधारण 1440. तो आकडा आम्हा दोघांना पाठ होता. आमच्या ग्राइंडरच्या मोटारीच्या पाटीवर मिनिटाच्या फेऱ्यांचा तोच आकडा होता.

"दादा, मोटार हललीय," मिस्त्री एवढंच म्हणाले.

परत येऊन मोटार उतरवली. बैठकीचे बोल्ट सैल होते आणि एक बेअरिंग गेलं होतं. ग्राइंडिंगचा चॅटर (मशीनच्या थरथरीने उमटलेले पट्टे) ग्रिट मारल्यावर झाकला जाईल, असं मी मानलं होतं. तो झाकला जात नाही, रंगाची वाट बघत खाली बसून राहतो. ते सगळे रोल आम्ही फुकट पुन्हा घासून दिले आणि त्या पत्र्याच्या नुकसानीत वाटा उचलला. वर्ष जड गेलं. गिऱ्हाईक मात्र टिकलं, याचं मला आजही समाधान आहे.

त्यानंतर रोल ब्लास्टिंगला (ग्रिट मारायला) जाण्याआधी त्यावर दगड फिरवल्याशिवाय आम्ही तो सोडत नाही. मोजण्यातही बदल केला. विरळ मोठे खड्डे आणि दाट बारीक खड्डे, दोन्हींचा आरए एकच येऊ शकतो, पण रंगाखाली दोन्ही वेगळे दिसतात. म्हणून दर सेंटिमीटरला शिखरं किती, हेही लिहून देतो. ती संख्या ग्रिटवर फार अवलंबून असते. वापरता वापरता दाणा फुटून बारीक होतो, म्हणून ग्रिट नियमित चाळतो आणि नवा थोडा थोडा मिसळतो. एकदम सगळा बदलला तर रोल पहिल्या दिवशीच वेगळा निघतो.

स्पार्कने टेक्स्चर देणारं मशीन आमच्याकडे नाही. ते काम आलं तर स्पष्ट नाही म्हणतो. हार्ड क्रोम, म्हणजे रोलवर क्रोमचा कडक थर, बाहेरून करून घेतो. प्रत्येक रोलच्या नंबराचं कार्ड मात्र पहिल्यापासूनचं जपलेलं आहे.

रोल पाठवताना चलनावर दोनच गोष्टी लिहा : मागच्या वेळी त्याने किती टन पत्रा काढला, आणि पुढचा पत्रा रंगाला जाणार आहे की डीप ड्रॉइंगला.